रॉकेट मोटरच्या कारखान्यातून बाहेर पडल्यावर पुढे काय?

प्रश्न (भद्रावती तालुका): माझे काका घन इंधनाच्या रॉकेट मोटर बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त होऊन आता गावी कपाशी पाहतात, पण कामाविषयी फारसे बोलत नाहीत. तिथले काम कसे असते, आणि त्या अनुभवाला बाहेर कोण विचारतो?

उत्तर १: मी भरण विभागात, म्हणजे मोटरमध्ये इंधन भरण्याच्या कामावर होतो. ज्वलनाला ऑक्सिजन पुरवणारे अमोनियम परक्लोरेट, अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि एचटीपीबी हे रबरासारखे बंधक यांचा, म्हणजे इंधनाचा, घट्ट लगदा माणसांना दूर ठेवून घोटला जातो, निर्वात स्थितीत मोटरच्या कवचात ओतला जातो आणि मग ऊब देऊन काही दिवस मुरवला जातो. सुती कपडे, स्थिर वीज जमिनीत उतरवणारे बूट, खोलीत मोजकीच माणसे आणि भोवती मातीचे उंच बांध, हे सारे इतके अंगवळणी पडते की घरी शेगडी पेटवतानाही हात थबकतो. परक्लोरेटमुळे थायरॉईडला आयोडीन कमी मिळू शकते, म्हणून काकांची ती तपासणी अवश्य करून घ्यावी.

उत्तर २: भरणकामाचे कसब स्फोटकांच्या उद्योगाबाहेर फारसे चालत नाही. मी मात्र क्ष-किरण तपासणीत होतो, इंधनातील भेगा, पोकळ्या आणि कवचापासून सुटलेले थर शोधत असे; तीच नजर वेल्डिंगच्या तपासणीत उपयोगी पडली.

उत्तर ३: अनुभवाच्या दाखल्यावर नेमके काम लिहून घ्यावे. मी कंत्राटी होतो आणि माझ्या दाखल्यावर केवळ ‘मजूर’ असे आहे.