टेकडीवर खड्डे नका काढू, घाणेरी काढा

माळावरचा (धागालेखक)

परवा इथे एक आवाहन आले: 'पाऊस तोंडावर आला आहे, वेताळ टेकडी बोडकी पडली आहे. दर रविवारी एक तास द्या, प्रत्येकी 5 खड्डे काढा, वड-पिंपळ-बांबू लावू, वाढलेले गवत कापू.' खाली भराभर 'मी येतो'. तिथे दोन ओळींत उत्तर देणे जमले नाही, म्हणून हा धागा.

पुण्याच्या टेकड्या हा गवताळ माळ आहे. कुसळी, पवन्या, मारवेल आणि मधूनमधून मेडशिंगी, सालई, मोई, गणेर, पळस, हेंकळ. मे महिन्यात पिवळ्या पडलेल्या गवताचे ठोंब जिवंत असतात, दोन-तीन दमदार सरी झाल्या की पुन्हा फुटतात. वरच्या वीतभर मातीत काळी मुसळी, कंदीलपुष्पाचे गड्डे, हबेनारियाचे (जमिनीवर उगवणाऱ्या ऑर्किडचे) कंद असतात. जूनमध्ये त्यांचे एखादेच पान वर आलेले असते किंवा तेही नसते, आणि कुदळ नेमकी त्यांच्यावर बसते.

दीड फुटाचा खड्डा काढला की माती खाली जाते आणि मुरूम वर येतो. त्या उघड्या मुरुमावर पहिल्याच पावसाळ्यात गाजरगवत, कॉसमॉस आणि रानतुळस ही तणे येतात. खाली सलग कातळ लागला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये खड्डा बादलीसारखा भरून राहतो, रोपाची मुळे कुजतात. जे वाचते ते फेब्रुवारीत वाळते.

एक तास द्यायचाच असेल तर घाणेरीला, म्हणजे टणटणीच्या (लँटाना) विदेशी झुडपाला द्या. तीही नुसती छाटू नका, एका बुंध्यातून दहा फुटवे येतात. बुंध्याभोवतीची माती टिकावाने मोकळी करा आणि जमिनीखाली 2-3 इंचांवर, खोड संपून मूळ सुरू होते तिथे तोडा. अख्खे झुडूप उलटे करून मुळे आभाळाकडे ठेवा. मातीला टेकलेल्या फांद्या ओल्यात पुन्हा मुळे धरतात. हे काम पहिल्या पावसानंतर, माती मऊ असताना आणि फळे पिकायच्या आत करायचे. त्यानंतर किमान दोन पावसाळे, घाणेरीची फळे खाणारे बुलबुल ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली उगवलेली घाणेरीची रोपे हाताने उपटायची.

---

पाणीवाला

असहमत. माळावरचे, तुम्ही सगळ्या टेकडीला एकाच मापाने मोजताय. सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाटीवर, खड्डा नको हे कबूल. पण खाणीच्या कडा, जुने भराव, ओढ्यांचे काठ इथे कुठले कंद शिल्लक आहेत? तिथे झाडच लागते.

आणि झाडे मरतात ती पाण्याचे गणित न केल्यामुळे. एका रोपाला 8 दिवसांनी 10 लिटर. जानेवारी ते मे म्हणजे साधारण 19 पाळ्या. 100 रोपांना 19,000 लिटर, म्हणजे 5 लिटरचे 3,800 कॅन चढावर न्यायचे, तेही दोन-तीन वर्षे. हा हिशेब मांडून जो गट 20 च रोपे लावतो त्याची रोपे जगतात. लावणेच बंद करा म्हणणे हा उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे.

---

रानभूल

पाणीवाले, ओढ्याकाठी लावा, पण पिशवी फाडून लावा. पिशवीसकट पुरलेली रोपे दर वर्षी दिसतात. तळाशी मुळांची गुंडाळी झालेली असते, ती इंचभर कापून टाकली नाही तर झाड तीन-चार वर्षांनी वाऱ्याने आडवे होते.

आणि मोई, पांगारा यांना पिशवी लागतच नाही. मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटी फांदी मे अखेर कापायची, दोन दिवस सावलीत ठेवायची आणि पहारीने केलेल्या भोकात दीड-दोन फूट रोवायची. खड्डाही नको, मुरूमही वर येत नाही.

पण खरा प्रश्न घाणेरी नाहीच, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे विदेशी झाड आहे. वनखात्याने लावलेल्या त्या रांगांखाली उन्हाळ्यात जाऊन बघा, एक काडी कुसळी नाही. यावर धागालेखक गप्प का?

---

सावली

गिरिपुष्पावर सगळेच तुटून पडतात, म्हणून लिहिते. ज्या उतारांवर बेसुमार चराईने माती उरली नव्हती, तिथे त्याच झाडाने पाला टाकून माती धरली. ते नत्र स्थिर करते, चर मारलेल्या जागी तगते, त्याला पाणी घालावे लागत नाही. आज त्याच्या सावलीत पाखरांनी टाकलेल्या बियांतून कडुनिंब, भोकर उगवताना दिसतात. हे सगळे उपटून तुम्ही काय ठेवणार? उघडा मुरूम?

---

रानभूल

सावलीताई, नत्र स्थिर करते हाच तर आक्षेप आहे! कुसळी-पवन्या हे भुकेल्या जमिनीचे गवत. तिथे नत्र वाढले की फायदा गाजरगवताचा आणि कॉसमॉसचा. शिवाय शेंगा उन्हात तडकून बी लांब उडते, त्यामुळे रांगेबाहेरच्या माळावर दर वर्षी नवी रोपे. मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेचे झाड, पाला जनावरे फारशी खात नाहीत. उंदीरमारी नाव उगाच नाही पडले.

उपाय सोपा आहे. छातीच्या उंचीवर वीतभर रुंद सालीचा पट्टा पांढऱ्या लाकडापर्यंत गोल काढायचा. झाड वर्षभरात वाळते.

---

खातेवही

थांबा. हे कुणी वाचून रविवारी कोयते घेऊन निघेल. राखीव वनात विनापरवाना झाड तोडणेच नव्हे, साल काढणे, गोल पट्टा काढणे, फांद्या छाटणे हे सगळे भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. पालिकेच्या किंवा खासगी जागेत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो, आणि त्यात देशी-विदेशी असा भेद करून सूट मागता येत नाही. टेकडीवर दोन्ही प्रकारच्या जमिनी शेजारी-शेजारी आहेत. हद्दीचा दगड कुठे आहे हे माहीत नसताना हत्यार उचलू नका. घाणेरी काढायलाही वनखात्याचे लेखी पत्र घ्या.

आणि पट्ट्याची पद्धत अर्धवट सांगितलीत. गिरिपुष्प पट्ट्याच्या खालून फुटते. पावसाळ्यात दर 15-20 दिवसांनी ते कोंब हाताने मोडावे लागतात, तेही दोन वर्षे. सोडून दिलेत तर एका खोडाची सात खोडे. ही जबाबदारी कोण घेणार, नाव सांगा.

---

रानभूल

कायदा मान्य. परवानगी हवी, हे मी आधीच लिहायला हवे होते. पण वर्षानुवर्षे परवानगी मागा आणि वाट बघा, तोवर माळ संपतो, हे दुःख कुणाला सांगायचे? कोंब मोडायचे विसरलो नव्हतो, सविस्तर लिहिले नाही एवढेच.

---

सावली

एवढेच? अर्धवट पद्धतीने झाड वाळायला लागते, पाला गळतो, घाणेरीला ऊन मिळते आणि ती दुप्पट जोमाने उठते. तुमच्या 'सोप्या उपाया'चा हा शेवट आहे. रांगा एकदम काढायच्या नाहीत. परवानगी मिळाली तरी एका टोकाकडून 10 बाय 10 मीटरचा चौकोन मोकळा करायचा, त्यात डिसेंबरमध्ये गोळा केलेले पवन्या-मारवेलचे बी मातीत कालवून पहिल्या पावसाआधी फेकायचे. पुढच्या पावसाळ्यात तिथे गवत धरले तरच दुसरा चौकोन. आणि झाडाला हात न लावता करता येईल असे काम म्हणजे बुंध्यापासून दूर माळावर उगवलेली वीतभर उंचीची रोपे मुळासकट ओढणे. जुलैमध्ये ती सहज निघतात.

---

माळावरचा

सावलीताई, हे चौकोनाचे पटले. गिरिपुष्प जिथे आहे तिथे तूर्त राहू द्या, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते आहे. माळावरची रोपे ओढणे मात्र रविवारच्या कामांच्या यादीत धरा.

पण आवाहनातल्या 'वाढलेले गवत कापू' वर कुणीच बोलले नाही. ऑक्टोबरमध्ये कापले तर कुसळीचे बी पडायच्या आत जाते. चंडोल, तितर जमिनीवर घरटी करतात, त्यांचा आडोसा जातो.

---

खातेवही

गवत न कापता वणवा कसा थांबवणार? फेब्रुवारी ते मे, कुणीतरी विडी टाकते आणि अख्खा उतार जातो. गवताचे ठोंब पुन्हा फुटतात, पण मेडशिंगीची दोन वर्षांची रोपे जळून जातात. जाळरेषा लागतेच.

---

माळावरचा

लागते, नाही कुठे म्हणतोय. पण जाळरेषा म्हणजे पायवाटेच्या कडेने 3 ते 5 मीटरचा पट्टा, बी पडल्यावर, डिसेंबरमध्ये, ठोंब चार बोटे राखून कापलेला. कापलेले गवत पट्ट्यावर सोडायचे नाही, नाहीतर तीच वात होते. आख्खा माळ भादरणे म्हणजे जाळरेषा नव्हे. वनखात्याची रेषा कुठून जाते ते आधी विचारा, तिला समांतर दुसरी नको.

---

पाणीवाला

बरं. सड्यावर आणि गवतात खड्डे नाहीत, हे आवाहनात बदलायला सांगतो. वड-पिंपळ आणि बांबू ही नावेही त्यातून वगळायला सांगतो. ओढ्याकाठची 20 रोपे मात्र लागणार, करंज आणि उंबर. त्यावर आता वाद नको.

---

रानभूल

करंज-उंबर ओढ्यालाच शोभतात, त्यावर वाद नाही. आळे उताराच्या खालच्या बाजूने अर्धचंद्र करा, पूर्ण गोल नको, नाहीतर वरून येणारे पाणी बाहेरूनच निघून जाते. मोईच्या फांद्या खाणीच्या कडेला रोवायच्या असतील तर मे संपायच्या आत सांगा.

---

खातेवही

परवानगीसाठी वनखात्याला अर्ज कोण देणार ते अजून कुणी लिहिले नाही. अर्जात गट क्रमांक, क्षेत्र, माणसांची संख्या, हत्यारांची यादी आणि काढलेली घाणेरी कुठे ठेवणार हे लागते. जाळणार नाही असेही लिहा.

---

माळावरचा

अर्ज मी लिहितो. हत्यारे: टिकाव 4, छोट्या कुऱ्हाडी 2, हातमोजे. कोयता नाही. कंद उगवतात तिथे जूनच्या पहिल्या आठवड्यात बांबूच्या काड्या रोवून खुणा करायच्या आहेत, त्याला पाने ओळखणारे दोघे लागतील. सावलीताई, येणार का?