दुकानाचा स्वतःचा ब्रँड की नावाजलेला ब्रँड? पाकिटावरून कसं ओळखायचं?

हिशेबी_वही: वाणसामान घेताना दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा माल आणि नावाजलेला माल शेजारी शेजारी असतो. किमतीतला फरक नुसत्या नावाचा कधी आणि मालाचा कधी, हे पाकीट हातात घेऊन कसं ठरवायचं? डबाबंद वस्तू, मैदा आणि धुण्याच्या सामानाबद्दल जास्त अडतं.

मापतोल: पाकीट उलटं करा. घटक सहसा वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर, खाण्याचा सोडा अशा वस्तूंच्या यादीत एकच नाव असतं. सोडियम बायकार्बोनेट कुणाच्याही पाकिटात तेच, तिथे स्वस्त ते घ्या. मिठात फक्त दाणा बघा, कारण जाड मीठ चमच्यात वजनाने कमी भरतं.

यादी लांब असेल तर पहिली तीन नावं ताडून पाहा. पीनट बटरच्या एका बरणीवर शेंगदाणे आणि मीठ, दुसरीवर शेंगदाणे, साखर, पाम तेल, म्हणजे माल वेगळा. चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती चरबी आली की तोंडात विरघळणं बदलतं. आणि ‘दोन्ही एकाच कारखान्यात बनतात’ यावर जाऊ नका. कारखाना एक असला तरी कृती वेगळी असू शकते.

निथळलेला_डबा: डब्यावर दोन वजनं असतील तर निथळलेलं वजन धरा. 400 ग्रॅमच्या एका डब्यात 240 ग्रॅम चणे आणि दुसऱ्यात 220, बाकी पाणी. दुसरा डबा 5 टक्क्यांनी स्वस्त असला तरी चणे महागच पडले. निदान साडेआठ टक्के तरी स्वस्त हवा.

धुण्याच्या द्रावणाला लिटरवर जोखू नका. 2 लिटरच्या बाटलीत दर धुण्याला 40 मिली लागत असेल तर 50 धुणी होतात, 1.5 लिटरच्या बाटलीत 25 मिली लागलं तर 60. ब्लीचवर सोडियम हायपोक्लोराइटचं प्रमाण वाचा. 3 टक्केवालं 6 टक्क्यांइतकं काम करायला दुप्पट ओतावं लागतं. ते ठेवल्या ठेवल्या, उष्णतेने तर आणखी लवकर, कमजोर होतं, म्हणून उत्पादनाची तारीख बघा.

हिशेबी_वही: आणि मैदा? ब्रँड बदलला की पाव बसतो.

मापतोल: दर 100 ग्रॅमला प्रथिनं किती ते बघा. 12 ग्रॅमच्या जागी 10 ग्रॅमचा मैदा आला की तो पाणी कमी पितो, कणीक चिकट होते आणि पाव फुगून बसतो. पावाला 11 ते 12 चा घ्या, केकला 9 ते 10 चा चालतो. कमी प्रथिनांचाच वापरायचा असेल तर 500 ग्रॅमला 25 मिली पाणी मागे ठेवा आणि लागलं तरच घाला.

दुकानं पुरवठादार बदलतात, वेष्टन मात्र तेच राहतं. त्यामुळे नेहमीचं पाकीटही अधूनमधून वाचायला हवं.

निथळलेला_डबा: बेकिंग पावडरचं नाव कुठलंही असो, जुना माल असेल तर उपयोग नाही. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसायला हवी. नुसते तुरळक बुडबुडे आले तर ती केकात घालू नका.