पर्यटकांच्या गर्दीतला वस्तीचा बार: माहितगारांनी लिहावं

पर्यटकांची झुंबड उडालेल्या भागातही एखादा बार त्या वस्तीतल्या माणसांच्या जिवावर चालत असतो. मालक येणाऱ्याला नावाने हाक मारतो, गिऱ्हाइकं एकमेकांची चौकशी करतात, आणि नवखा माणूस रीतीने वागला तर त्यालाही बाजूला सरकून जागा देतात. असा बार ओळखायचा कसा, तिथे बसायचं कसं, मागवायचं काय, फसगत कुठे होते, हे जाणणाऱ्यांनी इथे लिहा. सहलीची वर्णनं नकोत, नेमकी माहिती हवी.

भटकी

मुख्य रस्ता सोडून एक-दोन गल्ल्या आत शिरा. दारात उभा राहून आत बोलावणारा माणूस दिसला तर पुढे चला. वस्तीच्या बारची गिऱ्हाइकं ठरलेली असतात, त्याला हाका माराव्या लागत नाहीत. आसपासच्या हॉटेलांत आणि दुकानांत राबणारी माणसं पाळी संपल्यावर कुठे वळतात ते पाहा; ही खूण सहसा चुकत नाही.

बसण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. दरपत्रकावर आकडे आहेत का, आणि नुसतं बसण्याचे वेगळे पैसे लागतात का. लागत असतील तर त्यात गैर काही नाही. सहा-आठ खुर्च्यांच्या बारला तेवढ्यावरच भाडं भागवावं लागतं. पण रक्कम आधी कळायला हवी.

रस्त्यात ओळख काढून ‘चला, छान बार दाखवते’ म्हणणाऱ्या अनोळखी व्यक्तीमागे अजिबात जाऊ नका. तिला त्या बारकडून वाटा मिळतो, दरपत्रक समोर येत नाही, आणि बिल हाती पडेपर्यंत दारात दोन दांडगे उभे राहिलेले असतात.

काउंटरमागून

बार उघडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास नवख्यासाठी सगळ्यात चांगला. बर्फ भरलेला असतो, ग्लास पुसून झालेले असतात आणि बारटेंडरला बोलायला सवड असते. दिवसभराचं फिरणं आणि जेवण उरकून पर्यटक एकदम येतात, तेव्हा तीच व्यक्ती तुमच्याकडे बघूही शकत नाही.

एकटे किंवा दोघं असाल तर टेबल न घेता काउंटरवर बसा. मात्र जिथे रबरी जाळी अंथरलेली असते, स्ट्रॉ, कागदी रुमाल आणि ट्रे ठेवलेले असतात, तो भाग मोकळा सोडा. वेटर तिथूनच ऑर्डर उचलतात. तिथे एक माणूस उभा राहिला की सगळ्या बारचं काम अडतं आणि लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. रिकाम्या स्टुलासमोर ग्लासवर चकती ठेवलेली असेल तर तो माणूस परत येणार आहे. टोकाच्या किंवा भिंतीलगतच्या स्टुलावर बसण्याआधी ‘इथे कुणी आहे का?’ एवढं विचारावं. नेहमीच्या माणसाची जागा बहुधा तीच असते.

नोटा हलवू नका, चुटक्या वाजवू नका. नजरानजर झाली की पुरे, रांग बारटेंडरच्या डोक्यात असते. सगळ्यांची ऑर्डर एकदम सांगा, आणि नायट्रोजन वायूच्या दाबाने नळातून येणारी स्टाउट, म्हणजे काळी दाट बिअर हवी असेल तर ती सर्वांत आधी. ती दोन टप्प्यांत भरतात, मध्ये बुडबुडे वर चढून थर बसू द्यावा लागतो, म्हणून जवळपास दोन मिनिटं जातात. ती शेवटी मागितली की बाकीचे ग्लास कोमट होत बसतात.

पुदिना ठेचून करायची कॉकटेल गर्दीच्या वेळी टाळा. बारटेंडर नाही म्हणणार नाही, पण एका ग्लासापायी चार माणसं ताटकळतात.

सात-आठ जणांचा घोळका घेऊन छोट्या बारमध्ये शिरू नका, हे मी कळकळीने सांगतो. आवाज वाढला की प्रत्येक जण नकळत आणखी मोठ्याने बोलतो. फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञ एत्येन लोंबार यांच्या नावाने हा परिणाम शंभरेक वर्षं ओळखला जातो. घोळका हसला-खिदळला की कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही, ते उठून जातात. असं रोज होऊ लागलं की बार वस्तीचा राहत नाही.

नळदुरुस्त

ड्राफ्ट, म्हणजे पिंपातून नळाने येणारी बिअर मागवताना ‘इथे सगळ्यात जास्त काय खपतं?’ असं विचारा. जे पिंप लवकर रिकामं होतं तेच ताजं. हाताच्या पंपाने ओढायची, पिंपातच मुरलेली बिअर तर पिंप उघडल्यावर साधारण तीन दिवसच चांगली राहते, कारण आत हवा शिरते.

पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्या दोन आठवड्यांतून एकदा अल्कलीच्या द्रावणाने धुवाव्या लागतात. चुकारपणा झाला की आत जिवाणूंचा थर बसतो आणि बिअरला व्हिनेगरसारखा आंबटपणा किंवा लोण्यासारखा वास येतो. मुद्दाम आंबट केलेल्या बिअरचा प्रकार वेगळा. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला उग्र दर्प आला तर दोष उजेडाचा.

ग्लासकडेही बघा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात घोटागणिक फेसाची वलयं उमटत जातात. चव बिघडली असेल तर पहिल्या-दुसऱ्या घोटालाच हळू आवाजात सांगा. अर्धा ग्लास संपवून तक्रार केली तर कोणी मानत नाही.

शाकाहारी पाहुणी

काही बिअर आणि वाइन निवळायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. व्हिस्की सावर या कॉकटेलमध्ये अनेकदा अंड्याचं पांढरं असतं. ब्लडी मेरी या टोमॅटोच्या रसाच्या कॉकटेलमधल्या वूस्टरशायर सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासा असतो. दारू अजिबात न घेणाऱ्यांनी सोडा-लिंबात बिटर्स, म्हणजे चवीपुरते थेंब घालायचा कडू अर्क, घालू नका म्हणून सांगावं. अँगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असतं, जरी थेंबच पडत असले तरी. नुसता सोडा मागायला संकोच वाटू देऊ नका. चांगल्या बारमध्ये त्याची किंमत मोजणारा माणूसही गिऱ्हाईकच.

रात्रपाळीची परिचारिका

परगावी पेगचं माप बदलतं. कुठे २५ मिलि, कुठे ३०, कुठे ४४. म्हणून पेग मोजू नका, अल्कोहोलचे ग्रॅम मोजा: मिलिलिटर गुणिले अल्कोहोलची टक्केवारी, भागिले शंभर, गुणिले ०.७९. पाच टक्क्यांची ५०० मिलि बिअर म्हणजे जवळपास २० ग्रॅम, ४२.८ टक्क्यांची ६० मिलि व्हिस्कीही तेवढीच. यकृत ताशी साधारण सात ते दहा ग्रॅम पचवतं. कॉफीने किंवा गार पाण्याने हा वेग वाढत नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंगला मेथॅनॉल या विषारी अल्कोहोलच्या बाधेने सहा परदेशी पर्यटक दगावले. मेथॅनॉल वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. फुकट वाटलेले शॉट्स, बिननावाची दारू, बादलीत कालवलेली मिश्रणं घेऊ नका. सीलबंद बाटली समोर उघडून घ्या, नाहीतर कॅनमधली बिअर घ्या. लक्षणं बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात, म्हणून माणूस त्यांना हँगओव्हर समजतो: पोटात कळा, धाप, आणि बर्फाच्या वादळातून बघावं तशी धूसर दृष्टी. दृष्टी बदलली की झोपून राहू नका, थेट इस्पितळ गाठा आणि मेथॅनॉलचा संशय तोंडाने सांगा. फोमेपिझोल हा उतारा आहे, डायलिसिस आहे, पण दोन्ही वेळेत व्हावं लागतं.

भटकी

पैशांचं राहिलंच होतं. कार्डाच्या यंत्राने ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारलं तर इथल्या चलनाचं बटण दाबा. आपल्या चलनात घेतलं की यंत्रवाला स्वतःचा दर लावतो आणि तो जवळजवळ नेहमी महाग पडतो. शेवटी एकदम बिल द्यायचं म्हणून बारमध्ये खातं उघडताना कार्ड दिलं तर काही रक्कम अडकवून ठेवतात; ती सुटायला काही दिवस लागू शकतात, म्हणून प्रवासात दर ऑर्डरला पैसे चुकते करणं बरं. बिल वेगवेगळं हवं असेल तर पहिल्या ऑर्डरलाच सांगा. टिप देण्याआधी सेवाशुल्क बिलात धरलंय का ते वाचा.

काउंटरमागून

वरच्याला जोड: शेवटच्या ऑर्डरची हाक आली की एकच ग्लास घ्या, तीन मागवून समोर रांग लावू नका. बार बंद होण्याची वेळ म्हणजे कामाची सुट्टी नव्हे. त्यानंतर नळ, फरशी आणि गल्ला यांत तासभर जातो. आणि फोटो काढायचा असेल तर विचारून काढा, तोही आपल्या ग्लासाचा. तिथे बसलेली माणसं त्यांच्या घराजवळ बसलेली असतात.