संगणकाच्या कर्नलने एकाच मापनावर विसंबावे का?

कातळ (रत्नागिरी)
परवा 'सुरंगी' यांनी लिहिले की टीएससीची (प्रोसेसरमधल्या ज्या गणकावरून वेळ मोजली जाते त्याची) वारंवारता आता प्रोसेसर स्वतःच सीपीयूआयडीच्या (प्रोसेसरकडून त्याचीच माहिती घेण्याच्या आज्ञेच्या) 15h क्रमांकाच्या लीफमध्ये, म्हणजे माहितीच्या पानात, सांगतो, म्हणून पीआयटीशी (संगणकातल्या जुन्या, ठरलेल्या वारंवारतेच्या टायमरशी) ताडून पाहण्याचा कोड नव्या कर्नलमधून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, काढून टाकावा. हे वाचून गप्प बसवेना. कित्येक प्रोसेसरांत ते लीफ नसतेच, आणि काहींत असले तरी ठोके देणाऱ्या क्रिस्टलच्या वारंवारतेच्या जागी शून्य येते. 16h लीफमध्ये मिळतो तो पूर्ण मेगाहर्ट्झमधला जाहीर आकडा. तो कोणी त्या यंत्रावर मोजलेला नसतो.

मोजावे लागणारच, आणि तेही नीट. पीआयटी 1.193182 मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याचा गणक 16 बिटांचा आहे, त्यामुळे एका फेरीत जेमतेम 55 मिलिसेकंद मिळतात. 50 मिलिसेकंदांच्या मापनात, शेवटी पीआयटी वाचून झाल्यावर आणि टीएससी वाचण्यापूर्वी, फर्मवेअरच्या (यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रणालीच्या) एसएमआयने, म्हणजे प्रोसेसर मधेच ताब्यात घेणाऱ्या व्यत्ययाने, 100 मायक्रोसेकंद खाल्ले, तर 2000 पीपीएमची (दहा लाखांत 2000 भागांची) चूक होते, म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटे. कर्नलने इंटरप्ट (प्रोसेसरला मधेच थांबवणारे नेहमीचे संकेत) बंद ठेवून एसएमआय अडत नाही. म्हणून संदर्भ गणकाच्या प्रत्येक वाचनाच्या आधी आणि नंतर टीएससी वाचावा, त्या दोहोंतले अंतर मर्यादेबाहेर गेले तर ते वाचन टाकून द्यावे, आणि उरलेली मापने एकमेकांशी जुळली तरच वारंवारता स्वीकारावी.

सुरंगी (सावंतवाडी)
माझे म्हणणे नव्या यंत्रांपुरते होते, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. आणि अशी मापने घेत बसल्यास यंत्र सुरू व्हायला लागणाऱ्या विलंबाचे काय?

खाडीकाठ (दापोली)
आपण दोघेही प्रयोगशाळेतून बोलत आहात. आमच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात नोंदींसाठी एक संगणक आहे. इंटरनेट नाही, आणि पावसाळ्यात निम्मा दिवस जनरेटर. त्याचे घड्याळ रोज मागे पडते, आणि लाद्या किती वाजता उचलल्या यावरून होड्यांच्या मालकांशी भांडणे होतात. जनरेटर 50 हर्ट्झ धरत नाही, हेच खरे कारण आहे.

कातळ
संगणकाचे घड्याळ विजेच्या हर्ट्झवर चालत नाही. पुरवठ्याची एसी वीज आत जाताच डीसी होते आणि गणक क्रिस्टलवर चालतात. हा गैरसमज इतक्या वर्षांनंतरही टिकावा याचे वाईट वाटते.

खाडीकाठ
वाईट वाटून घेऊ नये. पंधरा वर्षे मी ती यंत्रे सांभाळतो आहे, आणि जनरेटर सुरू असलेल्या दिवशीच घड्याळ जास्त चुकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आक्षी (अलिबाग)
आपले निरीक्षण खरे असेल, पण त्यावरून काढलेले कारण खरे असेलच असे नाही. जनरेटर सुरू होताना संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो का? तसे असेल तर प्रत्येक वेळी कर्नल टीएससी नव्याने मोजतो. दोष क्रिस्टलचा असता तर चूक रोज जवळपास तेवढीच राहिली असती. दर वेळी सुरू केल्यावर ती बदलत असेल, तर दोष मापनाचा आहे.

आमच्या गावची चुंबकीय वेधशाळाच पाहा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची मापने 1904 मध्ये अलिबागला आणावी लागली, पण सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. व्यत्ययापासून दूर जाणे आणि दुसऱ्या मापाशी ताडणे, या दोन्ही गोष्टी त्या लोकांनी केल्या. कर्नलला एसएमआयपासून दूर जाता येत नाही, म्हणून ताडून पाहणे अधिकच आवश्यक आहे.

सुरंगी
ट्रामचा दाखला मान्य, पण विलंबाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

कातळ
लिनक्स या कर्नलने ते कधीच दिले आहे. सुरुवातीला झटपट मापन करून काम सुरू करायचे, आणि नंतर पार्श्वभूमीवर एचपीईटी (संगणकातला आणखी एक टायमर) किंवा 3.579545 मेगाहर्ट्झच्या एसीपीआय पीएम टायमरशी सुमारे एक सेकंदभर ताडून आकडा सुधारायचा. एका सेकंदात तोच 100 मायक्रोसेकंदांचा घोटाळा फक्त 100 पीपीएमचा, म्हणजे दिवसाला नऊ सेकंदांहून कमी ठरतो.

सुरंगी
तर मग जिथे 15h पूर्ण आकडा देते तिथे तो आधी घ्यावा आणि मागाहून ताडावा, एवढे मी मान्य करते. कोड काढून टाकावा, हा शब्द मागे घेते.

खाडीकाठ
वही काढून पाहिली. सोमवारी सुरू केल्यापासून घड्याळ दिवसाला 12 सेकंद मागे पडत होते. गुरुवारी वीज गेल्यावर संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हापासून 31 सेकंद. जनरेटर मात्र दोन्ही दिवशी सुरू होता. हर्ट्झचे माझे म्हणणे चुकीचे होते, पण ते ज्या शब्दांत खोडले गेले ते शब्द मला आजही मान्य नाहीत.