मदत हवी आहे: फी-सवलतीसाठी कुटुंबाचं उत्पन्न नेमकं कोणतं धरायचं?

हुशार मुलांच्या विशेष वर्गांसाठी गरजेनुसार फी-सवलत द्यायचा अर्ज आम्ही नव्याने तयार करतोय. निवड आणि सवलत हे निर्णय वेगवेगळ्या लोकांकडे आहेत. निवड करणाऱ्यांना उत्पन्नाचे कागद दिसत नाहीत. तेवढं पक्कं.

घोडं अडतंय ते उत्पन्नावर. मागच्या वर्षाचं प्राप्तिकर विवरणपत्र धरलं, तर नुकतीच नोकरी गेलेलं घर कागदावर सुस्थितीत दिसतं. फक्त गेल्या तीन महिन्यांचे पुरावे मागितले, तर हंगामी कामवाल्यांचा आकडा एकतर फुगतो, नाहीतर शून्यावर येतो. म्हणून दोन्ही घ्यायचे, कमी आकडा धरायचा आणि घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचं, असं ठरतंय. सवलतही उत्पन्न वाढेल तशी सलग उतरती ठेवू. ठरावीक टप्पे केले की मर्यादेच्या किंचित वर असलेलं घर एकदम मोठ्या रकमेला मुकतं.

शिवाय फी माफ करून भागत नाही. पात्रता परीक्षेचं शुल्क सवलत मंजूर होण्याआधीच भरावं लागतं, आणि गरजू मूल तिथेच गळतं. ते आधी माफ करणार आहोत. प्रवास आणि साहित्याचं नंतर बघू.

असे अर्ज तपासणाऱ्यांनी कृपया सांगावं: कमी आकडा धरल्यावर गैरफायदा कसा रोखता? उत्पन्न घटल्याचा कोणता पुरावा पुरेसा मानता, कामावरून कमी केल्याचं पत्र की बँकेचा उतारा? (शिक्षकांच्या शिफारशीवर आमचा भरवसा कमी, त्यांना घरचा जमाखर्च कुठून कळणार?) आणि उशिरा येणाऱ्या अर्जांसाठी निधीचा किती भाग राखून ठेवता?