मदत हवी आहे: व्हीएमवेअरच्या ट्रायलमध्ये चालणारं सगळं स्टँडर्ड लायसन्समध्ये चालतं का?

कुपवाडचा आयटीवाला

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये आयटीचं सगळं माझ्याकडे आहे, प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून ईआरपीपर्यंत (कंपनीचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर). दोन नवे सर्व्हर घेतलेत. प्रत्येकात दोन प्रोसेसर, एकेका प्रोसेसरला १२ कोअर. दोन्हींवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ८ (एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि वर व्हीसेंटर (दोन्ही सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं), सगळं ६० दिवसांच्या ट्रायलवर. व्हीएम, म्हणजे ते आभासी कॉम्प्युटर, चार; चारही विंडोज सर्व्हर: ईआरपी, टॅली, फाइल सर्व्हर आणि हजेरीच्या थंब मशीनचं सॉफ्टवेअर.

ट्रायलमध्ये एकदम मख्खन चाललंय. परवा शिफ्ट चालू असताना ईआरपीचं व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं. स्टोअरमधला माणूस चलनाची एन्ट्री करत होता, त्याला पत्तासुद्धा लागला नाही. डीआरएस (भार बघून व्हीएम आपोआप हलवणारी सोय) चालू केलंय, डिस्ट्रिब्युटेड स्विचही (दोन्ही सर्व्हरचं नेटवर्क एकत्र सांभाळणारा) बांधून ठेवलाय.

ट्रायलची मुदत महिनाअखेर संपतेय. व्हेंडरचं कोटेशन आलंय: व्हीस्फिअर (म्हणजे हाच ईएसएक्सआय-व्हीसेंटरचा संच) स्टँडर्ड ६४ कोअर, एक वर्ष. शिवाय विंडोज सर्व्हर स्टँडर्ड, दर सर्व्हरला २४ कोअर. फोन केला की "सर, सगळं येतंय त्यात" एवढंच ऐकायला मिळतं.

माझ्या हिशेबानं कोअर ४८ होतात, मग ६४ कुठून आले? आत्ता चालतंय त्यातलं स्टँडर्डमध्ये काय राहणार, काय जाणार? आणि मालकांचा ठरलेला प्रश्न: ईएसएक्सआयचं ते फुकटचं व्हर्जन का नको? २०१९ च्या पुरात सांगलीतल्या जुन्या ऑफिसातले कॉम्प्युटर पाण्यात गेले, तेव्हापासून 'एक बंद पडला की दुसरा आपोआप चालू झाला पाहिजे' हे त्यांनी धरून ठेवलंय. खर्चाचं नाव काढलं की मात्र गाडी परत फुकटवर.

मिरज जंक्शन

६४ बरोबर आहेत. खरे कोअर १२ असले तरी दर प्रोसेसरला किमान १६ धरतात. चार प्रोसेसरचे ६४. व्हेंडरनं टोपी घातलेली नाही.

कराडकर सिसॅडमिन

ट्रायल ही वेगळी एडिशन नसते. ६० दिवस वरच्या एडिशनच्या सगळ्या सोयी उघड्या असतात, म्हणून ट्रायलवर बघून खालचं लायसन्स घेणारे फसतात. तुमच्याबाबतीत: चालू व्हीएम हलवणं, म्हणजे व्हीमोशन, स्टँडर्डमध्ये आहे. एचए, म्हणजे एक सर्व्हर पडला की त्याची व्हीएम दुसऱ्यावर आपोआप चालू होणं, ते पण आहे. डीआरएस आणि डिस्ट्रिब्युटेड स्विच नाहीत, ते एंटरप्राइज प्लस किंवा व्हीस्फिअर फाउंडेशन या वरच्या एडिशनमध्ये. दोन सर्व्हर आणि चार व्हीएमला डीआरएस हवंय कशाला? तुम्ही हातानं हलवू शकता की राव.

डिस्ट्रिब्युटेड स्विचचं मात्र आधी बघा. होस्ट, म्हणजे तुमचा सर्व्हर, त्या स्विचला जोडलेला असेपर्यंत व्हीसेंटर त्याला स्टँडर्डची लायसन्स की लावूच देत नाही. आधी साधा स्विच करा, व्हीएमची पोर्ट ग्रुप (नेटवर्कची जोडणी) आणि मॅनेजमेंटचा पोर्ट तिकडे न्या, होस्ट मोकळा करा, मग की. हे काम शेवटच्या संध्याकाळी करायचं नाही.

फुकटचं ईएसएक्सआय २०२४ च्या फेब्रुवारीत बंद केलं होतं, २०२५ च्या एप्रिलमध्ये परत आणलं. पण ते व्हीसेंटरला जोडता येत नाही, म्हणजे व्हीमोशनही नाही आणि एचएही नाही. बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारा एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायचा मार्ग) त्यात फक्त वाचण्यापुरता असतो, त्यामुळे नेहमीचे व्हीएम बॅकअप चालत नाहीत. मालकांना बॅकअपचं तेवढं सांगा, बाकीचं आपोआप पटेल.

आता माझा प्रश्न. स्टोरेज कुठंय?

कुपवाडचा आयटीवाला

दोन्ही सर्व्हरमध्ये आपापल्या डिस्क. वेगळा स्टोरेज बॉक्स नाही. कोटेशनातही नाही. व्हीमोशन त्याच्याशिवायच झालं होतं.

कराडकर सिसॅडमिन

व्हीमोशन होणारच, ते डिस्कसकट व्हीएम उचलून नेतं, फक्त वेळ जास्त लागतो. पण त्यासाठी दोन्ही सर्व्हर जिवंत पाहिजेत. एक सर्व्हर गपकन बंद पडला तर व्हीएमची डिस्क त्याच्या पोटात अडकली, दुसरा चालू काय करणार? एचएला दोघांना दिसणारं स्टोरेज लागतंच. म्हणजे मालकांना जी गोष्ट हवी तीच या सेटअपमध्ये होत नाही, स्टँडर्ड लायसन्स घेतलं तरी. एडिशनच्या तक्त्यात एचएसमोर टिक आहे याचा अर्थ परवानगी आहे, एवढाच.

मिरज जंक्शन

+१. आणि विंडोजची ओळ परत वाचा. सर्व्हरचे सगळे कोअर एकदा भरले की स्टँडर्डमध्ये दोनच व्हीएमचा हक्क मिळतो. चारही व्हीएम कधी ना कधी एकाच सर्व्हरवर येणार असतील, तर त्या सर्व्हरला दोनदा लायसन्स: २४ नाही, ४८. दोन्हींचे मिळून ९६. लायसन्स व्हीएमबरोबर फिरत नाही, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर द्यायचं तर ९० दिवसांत एकदाच. खाली व्हीएमवेअर असो नाहीतर दुसरं काही, हे गणित बदलत नाही.

कुपवाडचा आयटीवाला

बाप रे. हे कोणी बोललंच नव्हतं. मग मालकांना काय दाखवू?

मिरज जंक्शन

विंडोज सर्व्हर घेताच आहात तर हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) त्यातच येतं, वेगळे पैसे नाहीत. होस्टवर व्हीएम सांभाळण्यापलीकडे दुसरं काही चालवू नका, म्हणजे व्हीएमचा हक्क कमी होत नाही. व्हीएम चालू असताना हलवणं स्टँडर्डमध्ये आहे. हायपर-व्ही रेप्लिका पण आहे: ३० सेकंद, ५ मिनिटं किंवा १५ मिनिटांनी व्हीएमची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर जाते, सामाईक स्टोरेज लागत नाही. मात्र सर्व्हर पडल्यावर प्रत तुम्हाला हातानं चालू करावी लागते, आणि शेवटची काही मिनिटं जातात. टॅलीवाल्याला दोन-चार व्हाउचर परत टाकावी लागतील, त्याची कुरकुर ऐकायची तयारी ठेवा. स्टोरेज स्पेसेस डायरेक्टचं (सर्व्हरच्या आपापल्या डिस्क जोडून सामाईक स्टोरेज करणं) कोणी सुचवलं तर ते डेटासेंटर एडिशनमध्येच मिळतं हे लक्षात ठेवा.

कोरेगावचा पेंग्विन

प्रॉक्समॉक्स घ्या, लिनक्सवरचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर! एडिशनची भानगडच नाही, सगळ्या सोयी सगळ्यांना. पैसे सपोर्टचे आणि एंटरप्राइज रिपॉझिटरीचे (तपासलेले अपडेट मिळायची जागा), तेही सॉकेटवर, म्हणजे दर प्रोसेसरला. न भरल्यास लॉगिन करताना एक खिडकी येते, ओके दाबायचं. डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर रेप्लिकेशन आहे, त्यावर एचए लावता येतं. दोनच सर्व्हर असतील तर कोण जिवंत आहे हे ठरवणाऱ्या तिसऱ्या मताला एखादं छोटं मशीन लागेल, जुना डेस्कटॉपही चालेल.

कराडकर सिसॅडमिन

चांगलं आहे, पण पेंग्विनभाऊ, हे एकटेच आहेत. रात्री काही अडलं तर लिनक्स बघणारा माणूस तिथं पाहिजे. आणि दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये असतील तर बॅकअपची एक प्रत कुपवाडच्या बाहेर ठेवा, मग खाली काहीही असो.

कुपवाडचा आयटीवाला

धन्यवाद सगळ्यांना. व्हेंडरकडून दोन कोटेशन मागवतो: एक स्टँडर्ड अधिक स्टोरेज बॉक्स, दुसरं हायपर-व्ही. दोन्हींत विंडोजचे ९६ कोअर लिहूनच द्या म्हणतो. तोपर्यंत ट्रायल संपली तर सगळं बंद पडतं का?

कराडकर सिसॅडमिन

चालू असलेली व्हीएम चालू राहतात. होस्ट मात्र व्हीसेंटरपासून तुटतात, आणि बंद केलेलं व्हीएम परत चालू होत नाही. विंडोजचे अपडेट आणि त्यानंतरचं रीस्टार्ट मुदतीच्या आत उरकून घ्या. यूपीएसच्या बॅटऱ्या पण तपासून ठेवा, कुपवाडची लाइट कधी जाईल सांगता येत नाही.