मदत हवी आहे: ब्लॉग + प्लगइनची परदेशी कमाई, 20 लाखांच्या आत जीएसटी नंबर घ्यायचा का?

नोकरी सोडून पूर्णवेळ ब्लॉग लिहितोय, सोबत वर्डप्रेसचं (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, विकतो. ठाण्यातूनच काम, एकट्याच्या नावावर, कंपनी नाही. 2024-25 मधे अ‍ॅडसेन्सचे (ब्लॉगवरच्या गूगलच्या जाहिराती) साधारण 4 लाख आणि प्लगइनचे 9, म्हणजे एकूण 13 लाख, जवळपास सगळं डॉलरमधे, थेट बँकेत.

एक सीए म्हणतात परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा कायद्यात आंतरराज्य (राज्याबाहेरची) धरतात, म्हणून पहिल्या रुपयापासून नंबर लागतो. दुसरे म्हणतात 20 लाखांपर्यंत गरजच नाही. मी स्वतः जीएसटीचं 2017 चं 10/2017 नोटिफिकेशन वाचलं, त्यात आंतरराज्य सेवा देणाऱ्यांना 20 लाखांपर्यंत सूट आहे, मला दुसऱ्यांचंच पटतंय पण परदेशी ग्राहकाला ते लागू होतं का हे तिथून नीट कळेना. हेल्पडेस्कला विचारलं, उत्तर आलं नाही. नंबर घेऊन एलयूटी (टॅक्स न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरली तर टॅक्स शून्य हे माहितीये, पण दर महिन्याची नाहीतर तिमाहीची रिटर्नं एकट्याला जड जातात हो.

इन्कम टॅक्स वेळेवर भरलाय, तो प्रश्न नाही. 20 लाखांच्या आत फक्त परदेशी कमाई असणाऱ्यांपैकी कुणी नंबर न घेता राहिलंय का, आणि नंतर नोटीस आली का?